प्रोग्रामची कीर्द : गो भाषेत रचनाबद्ध इव्हेंट लॉगर कसा बांधायचा?

आजच्या पाठात आपण प्रोग्रामला स्वतःची नोंदवही ठेवायला शिकवणार आहोत. गो भाषेची तोंडओळख असेल, म्हणजे फंक्शन, स्ट्रक्ट आणि स्लाइस माहीत असतील, तर पाठ सहज समजेल. नसेल तरी पहिला अर्धा भाग नक्की वाचा. तो कुठल्याही भाषेला लागू पडतो.

समजा, तुमच्या कॉलेजने परीक्षा फी ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली आणि तो प्रोग्राम लिहायचं काम तुमच्याकडे आलं. आज फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आहे. दुपारी एक विद्यार्थिनी खिडकीशी येऊन सांगते, "सर, खात्यातून पैसे कापले गेले, पण पावती आली नाही. फॉर्म अजून अपूर्णच दाखवतोय." क्लार्क तुम्हाला बोलावतात. तुम्ही सर्व्हरवरची लॉग फाइल उघडता. तिथे हे दिसतं :

फी सुरू
बँक झालं बहुतेक
एरर!!!
इथे आलं
फी सुरू
एरर परत

यातला कोणता एरर तिचा? पैसे बँकेपर्यंत पोचले का? तिने पुन्हा भरावेत, की भरले तर दोनदा कापले जातील? या सहा ओळींतून यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. प्रोग्राम लिहिताना या ओळी तुम्हाला कळत होत्या, कारण समोर तेव्हा एकच माणूस एकच फी भरत होता आणि तो माणूस म्हणजे तुम्हीच होता.

म्हणून आजच्या पाठाचं सूत्र आधीच सांगून ठेवतो : लॉगची ओळ लिहिताना पुढे कोण कोणता प्रश्न विचारणार आहे ते आधी ठरवा, आणि त्याच्या उत्तरासाठी वेगळा रकाना ठेवा. पुढचं सगळं याच एका वाक्याचा विस्तार आहे.

१. लॉग म्हणजे काय?

'लॉग' हा शब्द जहाजावरून आला. जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात टाकत आणि ठरावीक वेळात किती दोरी सुटली ते बघत. तो आकडा ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. पुढे त्याच वहीत वारा, दिशा, घडलेले प्रसंग अशा सगळ्याच नोंदी होऊ लागल्या.

संगणकात ही वही १९८०च्या दशकात नीट आकाराला आली. एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा ईमेल पोचवणारा प्रोग्राम लिहिताना सिसलॉग तयार केलं. नोंद किती गंभीर आहे ते ० ते ७ अशा आठ पातळ्यांनी सांगायची त्याची पद्धत आजही चालते. ० म्हणजे सगळंच ठप्प, ७ म्हणजे फक्त तपासासाठीची बारीकसारीक माहिती. २००९ साली सिसलॉगचं जे प्रमाणपत्रक आलं, आरएफसी ५४२४, त्यात ओळीतच नाव आणि किंमत अशा जोड्या लिहायची सोय आहे. म्हणजे 'रचनाबद्ध नोंद' ही कल्पना काही कालची नाही.

२. वाक्य आणि रकाने

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुकानातली कीर्द आठवा. रोजचा प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने कीर्दीत लिहायचा. तारीख, नाव, तपशील, जमा आणि नावे या प्रत्येकाला आपापली जागा. रकाने ठरलेले असतात म्हणूनच मुनीम संध्याकाळी बेरीज मारू शकतो आणि कीर्दीवरून खतावणी तयार करू शकतो. तोच व्यवहार "आज अमक्याला बहुतेक माल दिला, पैसे नंतर" असा चिटोऱ्यावर लिहिला, तर बेरीज कशाची मारणार?

साधा लॉग म्हणजे चिटोरी. रचनाबद्ध लॉग म्हणजे कीर्द. तीच विद्यार्थिनी, तीच घटना, पण नोंद अशी असती तर :

{"वेळ":"२०२५-०२-१२ १३:४२:०७ +०५:३०", "पातळी":"त्रुटी", "घटना":"पावती_तयार_झाली_नाही", "विनंती":"क७फ२", "आसन":"००४५२", "रक्कम_पैसे":१२५०००, "बँक_उत्तर":"यशस्वी", "प्रयत्न":१}

आता वाचा. बँकेने 'यशस्वी' सांगितलंय, म्हणजे पैसे पोचले. अडलंय ते आपल्याच पावतीवर. मग विद्यार्थिनीला "पुन्हा भरू नकोस, पावती आम्ही काढून देतो" असं खात्रीने सांगता येतं. शिवाय दुसरा प्रश्नही विचारता येतो : आज अशा किती जणांचे पैसे आले आणि पावती निघाली नाही? 'घटना' या रकान्यावर गाळणी लावली की संख्या मिळते. खिडकीशी न आलेले विद्यार्थीही सापडतात. हा फायदा सगळ्यात मोठा, कारण तक्रार करायला सगळेच येत नाहीत.

मात्र कीर्दीची उपमा एका जागी थांबते. लॉग म्हणजे पैशाचा अधिकृत हिशेब नव्हे. तो डेटाबेसमध्येच राहिला पाहिजे. लॉग सांगतो, प्रोग्रामने काय केलं आणि कुठे अडला.

*(वरचा नमुना वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरी अंकांत दिला आहे. जेसनमध्ये मजकूर मराठीत चालतो, पण संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात.)*

३. एका नोंदीत काय काय हवं?

वेळ. भारतीय वेळ लिहा किंवा जागतिक प्रमाणवेळ लिहा, पण सोबत फरक लिहाच. भारतासाठी तो +०५:३०. तो नसेल तर दुसऱ्या देशातल्या सर्व्हरची नोंद आणि तुमची नोंद एका ओळीत लावता येणार नाही.

घटनेचं नाव. ते ठरलेलं आणि न बदलणारं असावं. 'पावती_तयार_झाली_नाही' हे नाव दर वेळी अक्षर न् अक्षर तेच राहील. आसन क्रमांक, रक्कम वगैरे बदलणाऱ्या गोष्टी नावात घुसवायच्या नाहीत. घुसवल्या की प्रत्येक ओळ वेगळी होते आणि मोजणी अशक्य होते.

पातळी. तपास, माहिती, इशारा, त्रुटी. चार पुरतात.

विनंती क्रमांक. एका विद्यार्थ्याने बटण दाबल्यापासून पावतीपर्यंत दहा-बारा नोंदी होतात. त्याच वेळी शंभर जण बटण दाबत असतात, म्हणून फाइलमध्ये सगळ्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. प्रत्येक विनंतीला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा आणि तिच्या प्रत्येक नोंदीत तो लिहायचा. माळेतला दोरा समजा. तो ओढला की त्या एका विद्यार्थ्याचे सगळे मणी क्रमाने हातात येतात.

तपशील. इथे दोन गोष्टी सांभाळा. पहिली, रक्कम दशांशात न लिहिता पैशांत पूर्णांक म्हणून लिहा. १,२५० रुपये म्हणजे १,२५,००० पैसे. दशांश संख्या संगणक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यात ०.१ सारखी साधी किंमतही तंतोतंत बसत नाही. दुसरी, आसन क्रमांक दिसतो संख्येसारखा, पण त्याची बेरीज कोणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच लिहा. संख्या म्हणून लिहिलात तर '००४५२'चे पुढचे शून्य उडतील आणि '४५२' उरेल.

४. गो भाषाच का?

गो ही कंपाइल्ड भाषा आहे. रॉबर्ट ग्रिझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी २००७ साली गूगलमध्ये तिचं काम सुरू केलं आणि २००९ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. कंपाइल्ड म्हणजे प्रोग्राम चालण्याआधीच पूर्ण तपासला जातो आणि त्याची बायनरी बनते.

लॉगरसाठी हे का महत्त्वाचं? लॉगमधली चूक सहसा वाईट दिवशीच उघडी पडते. त्रुटीची नोंद करणारी ओळ चालते केव्हा, तर त्रुटी घडल्यावर. तोवर ती सहा महिने न चालता पडून असते. त्यात रकान्याचं नाव चुकलं असेल तर ते कळेल थेट शेवटच्या दिवशी, खिडकीपाशी. कंपायलर ती ओळ चालायची वाट पाहत नाही. तो आजच अडवतो. मात्र त्याला अडवता येईल अशी रचना आपण करून द्यावी लागते.

एक गंमत इथेच सांगतो. गोमध्ये मजकूर मराठीत लिहिता येतो, पण व्हेरिएबलचं किंवा फंक्शनचं नाव मराठीत ठेवायला गेलात तर अडचण येते. गोच्या नियमानुसार नावात फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेखा चालतात. आपले काना, मात्रा, वेलांटी युनिकोडमध्ये 'अक्षर' नसून 'जोडचिन्हं' आहेत. म्हणून 'कमळ' हे नाव चालेल, 'पावती' चालणार नाही. देवनागरीची ही अडचण गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही नोंदवलेली आहे. रस्ट या दुसऱ्या कंपाइल्ड भाषेत २०२१ पासून अशी नावं चालतात. तेव्हा खाली मी नावं मराठीत सांगेन, तुम्ही टाइप करताना ती इंग्रजी लिपीत करा.

५. बांधणी : सहा पायऱ्या

पायरी १ : घटनांची यादी पक्की करा. लॉगरसाठी वेगळं पॅकेज करा. त्यात 'घटना' नावाचा नवा प्रकार बनवा. पहिला विचार येतो तो स्ट्रिंगवर आधारित प्रकाराचा, पण त्यात एक फट राहते. गोमध्ये अवतरणातला कोरा मजकूर अशा प्रकारात आपोआप सामावला जातो. म्हणजे कोणी घाईत 'पावति_तयार' असं चुकीचं लिहिलं तरी कंपायलर गप्प बसतो. म्हणून 'घटना' हा स्ट्रक्ट करा आणि त्यातलं नावाचं फील्ड लहान लिपीतल्या अक्षराने सुरू करा, म्हणजे ते पॅकेजबाहेर दिसणार नाही. सगळ्या घटना त्याच पॅकेजमध्ये एका यादीत लिहून ठेवा. बाहेरच्या माणसाला यादीतली घटना निवडावीच लागते. शुद्धलेखन चुकलं तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे. नवीन माणूस कामावर आला की ही एक फाइल वाचून त्याला कळतं, या प्रोग्राममध्ये काय काय घडू शकतं.

पायरी २ : रकाने बनवणारी फंक्शनं. एक रकाना म्हणजे नाव आणि किंमत असलेला छोटा स्ट्रक्ट. तो हाताने भरू न देता प्रत्येक रकान्यासाठी एक फंक्शन द्या : 'आसन' हे स्ट्रिंग घेणारं, 'रक्कमपैसे' हे पूर्णांक घेणारं, 'कालावधी' हे गोचा कालावधी-प्रकार घेणारं. मग एकाने 'आसन', दुसऱ्याने 'सीट_नं', तिसऱ्याने 'बैठक' असं लिहायची सोयच राहत नाही. एकाच गोष्टीला तीन नावं पडली की शोध घेताना दोन-तृतीयांश नोंदी हरवतात, आणि हरवल्या हेही कळत नाही.

रकाने ठेवायला मॅप न वापरता स्लाइस वापरा. गोमध्ये मॅपवरून फिरताना क्रम ठरलेला नसतो, दर वेळी वेगळा येऊ शकतो. स्लाइसमध्ये जसे लिहिले तसेच राहतात आणि डोळ्यांना सवय होते.

पायरी ३ : लॉगर. लॉगर हा एक स्ट्रक्ट. त्यात पाच गोष्टी : कुठे लिहायचं तो रायटर, कमीत कमी कोणती पातळी लिहायची, सगळ्या नोंदींत यायचे सामायिक रकाने, एक म्युटेक्स म्हणजे कुलूप, आणि वेळ सांगणारं फंक्शन.

रायटर हा गोचा इंटरफेस आहे. त्या जागी फाइल द्या, स्क्रीन द्या किंवा मेमरीतला बफर द्या, लॉगरला फरक पडत नाही. वेळेचं फंक्शन बाहेरून का द्यायचं ते सहाव्या पायरीत कळेल.

पायरी ४ : लिहिणारी मेथड. कामाचा क्रम असा :

१. पातळी तपासा. नोंद लिहायचीच नसेल तर लगेच परत फिरा.
२. पूर्ण ओळ आधी बफरमध्ये तयार करा.
३. प्रत्येक मजकूर जेसनच्या नियमाने सुरक्षित करा. हे स्वतः करू नका, गोचं जेसन पॅकेज वापरा.
४. शेवटी नवी ओळ जोडा.
५. कुलूप लावा, संपूर्ण ओळ एकाच वेळी लिहा, कुलूप काढा.

कुलूप कशाला? गोमध्ये एकाच वेळी शेकडो गोरूटीन चालतात. दोघांनी एकदम लिहायला घेतलं आणि ओळ तुकड्या-तुकड्यांनी लिहिली, तर एकीचं डोकं आणि दुसरीचे पाय अशी नोंद होईल. ओळ आधी तयार असली की कुलूपही क्षणभरच लागतं.

तिसरा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण खोडसाळ माणसाने नावाच्या जागी मुद्दाम नवी ओळ टाकून पुढे "फी भरली, यशस्वी" असं लिहिलं तर? साध्या लॉगमध्ये ती खोटी नोंद खऱ्यासारखी उभी राहील. जेसनमध्ये नवी ओळ हे चिन्ह म्हणून अवतरणातच अडकून पडतं.

पायरी ५ : सामायिक रकाने. विनंती क्रमांक प्रत्येक ओळीत हाताने लिहायला लावला तर कोणीतरी विसरणारच. म्हणून 'सह' नावाची मेथड करा. ती जुन्या लॉगरवरून नवा लॉगर देते आणि त्यात विनंती क्रमांक आधीच चिकटलेला असतो. विनंती आली की एकदा 'सह' म्हणायचं आणि पुढे तोच लॉगर सगळीकडे न्यायचा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला : सामायिक रकान्यांच्या स्लाइसला सरळ अपेंड करू नका. स्लाइसमध्ये जागा शिल्लक असेल तर दोन नवे लॉगर आतल्या एकाच अ‍ॅरेवर लिहितात, आणि एका विद्यार्थ्याच्या नोंदीत दुसऱ्याचा विनंती क्रमांक येतो. आधी नवी स्लाइस करून त्यात जुने रकाने उतरवा, मग नवा जोडा. दुसरा : कुलूप सगळ्यांचं एकच हवं, कारण फाइल एकच आहे. म्हणून म्युटेक्सची प्रत न करता त्याचा पॉइंटर ठेवा. प्रत झाली तर 'गो व्हेट' हे तपासणीचं साधन बोट दाखवतं. ते रोज चालवायची सवय लावा.

पायरी ६ : चाचणी. रायटरच्या जागी मेमरीतला बफर द्या, वेळेच्या जागी नेहमी एकच वेळ सांगणारं फंक्शन द्या. एक नोंद लिहा, ती परत जेसन म्हणून वाचा आणि प्रत्येक रकाना तपासा. मग शंभर गोरूटीनमधून एकदम लिहून बघा आणि प्रत्येक ओळ वाचता येते का ते पाहा. ही चाचणी रेस डिटेक्टर सुरू ठेवून चालवा. कुलूप कुठे राहून गेलं असेल तर तो पकडतो.

६. काय लिहायचं नाही?

लॉग फाइल अनेकांच्या हातून जाते : प्रोग्रामर, सर्व्हर सांभाळणारे, कधी बाहेरची कंपनी. म्हणून पासवर्ड, ओटीपी, कार्ड क्रमांक, आधार क्रमांक त्यात कधीच येता कामा नये. मोठ्यांचंही इथे चुकतं. मे २०१८ मध्ये ट्विटरने जाहीर केलं की एका दोषामुळे वापरकर्त्यांचे पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. गैरवापर झाल्याचं आढळलं नाही असं कंपनीने सांगितलं, तरी सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला द्यावा लागला.

"लक्षात ठेवा आणि लिहू नका" हा उपाय टिकत नाही. इथेही कंपायलरला कामाला लावा. 'गुप्त' नावाचा वेगळा प्रकार करा आणि पासवर्ड आल्या क्षणी त्यात ठेवा. त्या प्रकाराला जेसन बनवणारी आणि स्ट्रिंग बनवणारी अशा दोन मेथड द्या. दोन्ही फक्त "लपवले" एवढंच परत करतील. स्ट्रिंग मागणाऱ्या फंक्शनला 'गुप्त' प्रकारचं व्हेरिएबल दिलं तर कंपायलर अडवतो. कोणी ते लॉगमध्ये ढकललंच, तर ओळीत "लपवले" उमटतं.

दुसरा धडा डिसेंबर २०२१ मधला. जावा भाषेतला लॉग४जे हा लॉगर जगभर वापरात होता. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खूण दिसली की तो तिला आज्ञा समजून दूरच्या सर्व्हरकडे जायचा आणि तिथला कोड आणू शकायचा. म्हणजे लॉगमध्ये जाणाऱ्या एखाद्या चौकटीत तेवढी खूण टाइप करून कोणीही सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होतं. धोक्याच्या मापावर त्याला १० पैकी १० मिळाले. लॉगरने आलेला मजकूर लिहावा. त्याचा अर्थ लावायला जाऊ नये.

७. पातळी आणि वाचणारा माणूस

नोंद उत्तम झाली, पण कोणी वाचलीच नाही तर? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत हेच झालं. नवा प्रोग्राम आठपैकी एका सर्व्हरवर चढवायचा राहिला होता. बाजार उघडण्याआधीच तिच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते, त्यात त्रुटीचा उल्लेखही होता. पण ते ईमेल धोक्याचा इशारा म्हणून पाठवायची पद्धतच नव्हती, त्यामुळे कोणी दखल घेतली नाही. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

म्हणून पातळी देताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : ही नोंद बघून कोणी काही करायचं आहे का? आत्ता करायचं असेल तर 'त्रुटी'. आज ना उद्या बघायला हवं असेल तर 'इशारा'. नुसतं घडलं म्हणून लिहायचं असेल तर 'माहिती'. विद्यार्थ्याने चुकीचा पासवर्ड टाकला ही 'त्रुटी' नव्हे, ती 'माहिती'. सगळ्याच ओळी लाल केल्या की लाल रंग कोणाला दिसेनासा होतो.

८. जागा आणि दिवस

हिशेब करून बघू. एक ओळ ३०० बाइट, दिवसाला १ लाख ओळी. म्हणजे रोज ३ कोटी बाइट, साधारण ३० एमबी. १८० दिवसांचे ५.४ जीबी. मराठी मजकूर वापरलात तर आकडा वाढेल, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'पावती' या शब्दात पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट.

१८० दिवसच का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार कंपन्या, सेवा पुरवणारे, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांपर्यंत सांभाळायचे आहेत आणि यंत्रणांची घड्याळं प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायची आहेत. तेव्हा रोज नवी फाइल, जुन्या फाइली दाबून ठेवणं आणि मुदत संपली की काढून टाकणं, ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून लावा.

आणखी एक निर्णय : ओळ लगेच लिहायची की बफरमध्ये साठवून एकदम? साठवलं तर वेग वाढतो, पण प्रोग्राम मध्येच कोसळला तर बफरमधल्या ओळी जातात, आणि कोसळण्याआधीच्या त्याच ओळी आपल्याला हव्या असतात. फीच्या प्रोग्रामसाठी लगेच लिहा. आणि डिस्क भरली म्हणून लॉग लिहिता आला नाही, तर फी घेणं थांबवू नका. किती ओळी सुटल्या ते मोजत राहा आणि जागा झाली की तो आकडा लिहा.

९. मग तयार पॅकेज कशाला?

ऑगस्ट २०२३ मध्ये गो १.२१ आलं आणि त्यासोबत 'एसलॉग' हे पॅकेज भाषेच्या प्रमाण संचातच मिळालं. ते उघडून बघा, आपल्या पायऱ्या ओळखीच्या वाटतील. 'सह'च्या जागी 'विथ' आहे. 'गुप्त'साठी 'लॉगव्हॅल्युअर' नावाचा इंटरफेस आहे. नोंद कशी लिहायची ते 'हँडलर' ठरवतो आणि त्याला चारच मेथड लागतात. पातळ्यांचे आकडे तपास −४, माहिती ०, इशारा ४, त्रुटी ८ असे आहेत. मधली जागा मुद्दाम सोडली आहे, गरज पडली तर तुमची पातळी बसवायला.

प्रत्यक्ष कामात एसलॉगच वापरा. पण त्याच्या सोप्या रीतीत रकान्याचं नाव आणि किंमत एकामागून एक सुटी द्यायची असते. एखादी किंमत राहिली तरी कंपायलर बोलत नाही, ओळीत 'बॅडकी' असं नाव उमटतं. 'गो व्हेट' ती चूक दाखवतो. त्याहून चांगलं म्हणजे 'लॉगअ‍ॅट्र्स' ही कडक रीत वापरा आणि तिच्यावर आपली घटनांची यादी आणि रकान्यांची फंक्शनं बसवा. रकाने कोणते असावेत हे एसलॉग सांगू शकत नाही. ते फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला ओळखणाऱ्यानेच ठरवायचं असतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• घटनेचं नाव पक्कं, बदलणारी माहिती रकान्यात.
• प्रत्येक नोंदीत वेळ आणि विनंती क्रमांक.
• रक्कम पैशांत, आसन क्रमांक मजकुरात.
• पूर्ण ओळ एकदम लिहा, कुलूप एकच.
• गुप्त गोष्टींना वेगळा प्रकार.
• 'त्रुटी' तेव्हाच, जेव्हा कोणीतरी उठून काही करायचं असतं.

सरावासाठी

१. ग्रंथालयाच्या पुस्तक देवघेवीच्या प्रोग्रामसाठी सात घटनांची यादी करा. प्रत्येकीसमोर पातळी आणि रकाने लिहा.

२. "पुस्तक परत केलं तरी माझ्या नावावर दंड दिसतोय" अशी तक्रार आली. तुमच्या नोंदींवरून उत्तर मिळतं का? नसेल, तर कोणता रकाना राहिला?

३. पाचव्या पायरीतला पहिला खड्डा मुद्दाम करून बघा : स्लाइसची प्रत न करता दोन नवे लॉगर बनवा आणि कोणाच्या ओळीत कोणाचा क्रमांक येतो ते पाहा.

दुसरा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. तो सुटला की उरलेला लॉगर बांधणं सोपं आहे.